लहान मुलांचे तिकीट घेता, तर त्यांचा दिवसही सांभाळा : थीम पार्क चालवणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील थीम पार्क आणि वॉटर पार्क चालवणाऱ्या सर्व व्यवस्थापनांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका पार्कला मी सविस्तर तक्रार लिहून पाठवली होती. उत्तर दोन ओळींचे आले : गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तिकिटावरच्या अटी व शर्ती वाचाव्यात. त्या पार्कचे नाव मी इथे घेत नाही. झालेला प्रकार शाळेच्या फाटकाशी, ऑफिसात, नात्यात बोलून दाखवला तेव्हा प्रत्येक आईने आपली गोष्ट सांगितली. पार्क वेगवेगळे होते, गोष्ट जवळपास एकच होती. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आणि चारचौघांसमोर.

मी साताऱ्याची, नोकरी करणारी. घरात साडेपाच वर्षांची लेक, अडीच वर्षांचा मुलगा, नवरा आणि सासूबाई. लेकीला काहीही न सांगता एक अख्खा दिवस तिला पार्कात न्यायचे, हे आम्ही दोघांनी खूप आधी ठरवले होते. तिला सांगितले होते, मावशीकडे चाललोय. पोहण्याचे कपडे सासूबाईंनी आपल्या पिशवीत साड्यांखाली दडवले. रस्त्याच्या वळणावरून लांबचा मोठा पाळणा दिसला, तशी ती आधी गप्प झाली, मग हळूच म्हणाली, “आई, आपण तिकडे नाही ना चाललो?” तिला “हो” म्हणताना आम्हाला जे वाटले, तेच तुम्ही विकता. ते विकत घ्यायला आम्ही बोनसमधले पैसे बाजूला ठेवले होते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या पिढीला या सुखाची ओळख १९८९ साली गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने करून दिली. बोटीने खाडी ओलांडून तिथे जायचे, हीच निम्मी सहल असायची. ते सुख आपल्या मुलांनाही मिळावे म्हणून आम्ही येतो.

आता तक्रारी सांगते. पहिली सगळ्यात मोठी आहे.

तुमच्याकडे मुलांचे तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नसते, उंचीवर असते. खिडकीशेजारी भिंतीवर जिराफ रंगवलेला होता आणि त्याच्या मानेवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या. लेक ताठ उभी राहिली, टाचा भिंतीला टेकवून. तिथल्या ताईंनी डोक्यावर पट्टी धरली : १०८. म्हणजे फुकट प्रवेशाच्या खुणेच्या बरीच वर. मुलांचे तिकीट लागले, ते आम्ही घेतले. आत गेल्यावर ज्या राइडकडे ती धावत गेली, तिथे दुसरी पट्टी होती, खूण १२०ची. तिसऱ्या राइडवर १४०ची. आपण उंच आहोत असे सकाळी ऐकून खूश झालेली मुलगी दिवसभर प्रत्येक फाटकावर बुटकी ठरत गेली. तिसऱ्या ठिकाणी ती रडली नाही, तिने फक्त विचारले, “मग माझं तिकीट कशाला काढलं?”

माझे म्हणणे नीट ऐका. उंचीची अट शिथिल करा, असे मी म्हणत नाही आणि कोणत्याही आईबापाने तसे म्हणू नये. राइडचा दांडा किंवा पट्टा ठराविक मापाच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. लहान अंग त्यातून निसटू शकते. १४ जुलै २०१९ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कात लोंबकळत झुलणारी राइड मोडून खाली आली, दोघांचा जीव गेला आणि कितीतरी जण जखमी झाले. तो अपघात उंचीमुळे झाला नव्हता, राइडच तुटली होती. पण असल्या यंत्राशी तडजोड चालत नाही हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. आमच्या लेकीला अडवणाऱ्या मुलाने त्याचे काम चोख केले. मी त्याचे तिथेच आभार मानले.

प्रश्न असा आहे की हे तुम्ही पैसे घेण्याआधी का सांगत नाही? साधारण पाच वर्षांची मुलगी ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. १२० गाठायला सातवे वर्ष उजाडते, १४० म्हणजे दहाच्या पुढची गोष्ट. तुमच्या जाहिरातीत मात्र मोठ्या राइडसमोर हात उंचावून हसणारी मुले चार-पाच वर्षांची असतात. तिकिटाच्या पानावर उंची टाकली की या मुलाला कोणत्या राइड मिळतील आणि कोणत्या मिळणार नाहीत, हे दाखवणे आजच्या काळात काहीच कठीण नाही. ते दाखवले तर काही लोक दोन वर्षे थांबून येतील, ही भीती असावी. पण मुलीला आधी काही न सांगता आणणाऱ्या घरासाठी ही माहिती दुप्पट मोलाची असते. तिची समजूत वाटेतच काढता आली असती. फाटकावर, पन्नास माणसांसमोर, मागून ढकलणाऱ्या रांगेत ती काढता येत नाही.

त्यात लहानग्यांसाठीच्या राइडपैकी दोन त्या दिवशी बंद होत्या. दुरुस्ती चालू होती. दुरुस्ती झालीच पाहिजे, पण पाटी राइडच्या तोंडाशी होती, तिकीट खिडकीवर नव्हती. मोठ्यांच्या दहा राइडपैकी दोन बंद असल्या तर आठ उरतात. माझ्या लेकीच्या वाट्याला मुळात ज्या थोड्या होत्या, त्यातल्याच गेल्या. पैसे परत मागितले तर तिकीट परत घेतले जात नाही, असे उत्तर आले.

दुसरी गोष्ट खाण्याची. बाहेरचे खाणे आत न्यायचे नाही, हा नियम मला ठाऊक होता. म्हणून आमच्या मोठ्यांसाठी आम्ही काहीच नेले नव्हते. डबा होता तो फक्त धाकट्याचा : तूप घातलेला मऊ खिमटीभात आणि दुसऱ्या डबीत नाचणीची खीर. अडीच वर्षांचे, पोटाने नाजूक पोर. तिखट लागले की रात्रभर रडते. फाटकावरच्या मुलाने डबा उघडला, झाकण तसेच हातात धरले, एकदा भाताकडे आणि एकदा धाकट्याकडे पाहिले. म्हणाला, “ताई, मला माहितेय बाळाचं आहे. पण वरून सांगितलंय.” शेजारी निळे पिंप होते. त्यात थेपले, चकल्या, सोललेली अंडी, कापलेल्या सफरचंदाची एक अख्खी पिशवी आणि दुधाची एक बाटलीसुद्धा पडलेली होती, सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते.

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलाय. शिजवलेले अन्न पिंपात पडताना बघणे त्यांना शक्य नव्हते. त्या धाकट्याला घेऊन फाटकाबाहेर फरशीवर उन्हात बसल्या आणि घासघास करून सगळा डबा त्याला भरवला. भूक नव्हती त्याला. दुपारचे जेवण त्याने सकाळीच गिळले. आम्ही सगळे तोवर थांबलो. दुपारी भूक लागली तेव्हा आत त्याच्या पोटाला चालेल असे काय मिळाले? फ्राइज, पिझ्झा, लालभडक नूडल्स. साधा वरणभात, दहीभात, इडली, काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सिनेमागृहांच्या बाबतीत निकाल दिला. बाहेरचे खाणे अडवण्याचा मालकाचा हक्क त्यात मान्य झाला. पण त्याच निकालात हेही आहे की पिण्याचे स्वच्छ पाणी सगळ्यांना फुकट मिळायला हवे आणि लहान बाळासाठी आईवडिलांनी आणलेले बेताचे खाणे अडवू नये. निकाल सिनेमागृहांचा आहे, थीम पार्कचा नाही, हे मला समजते. पण तीन तासांच्या सिनेमाला जर ही सवलत योग्य, तर दहा ते सात उन्हात फिरणाऱ्या बाळाला ती नाकारण्यामागे कोणता विचार आहे, तो एकदा जाहीरपणे सांगा.

पाण्याचे तर बोलायलाच हवे. पिण्याच्या पाण्याचे नळ नकाशावर होते. पहिला सापडला तो कोरडा. दुसऱ्याभोवती चिखल आणि नळाची उंची अशी की मुलांचे तोंड पोचत नाही. तिथून दहा पावलांवर थंड पाण्याच्या बाटल्यांचा ठेला, आणि बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्या पहिल्या दिवशी प्लंबरांच्या संपामुळे एक तर शौचालये वेळेत तयार होणार होती किंवा पाण्याचे नळ. वॉल्ट डिस्नेने शौचालये निवडली. रणरणत्या उन्हात नळ कोरडे पाहून लोकांनी आरोप केला की हे शीतपेये विकण्यासाठी केलेय. तिथे निदान संप होता. आपल्याकडे कोणाचाही संप नसताना नळ कोरडे आहेत, आणि मे महिन्यात मोठ्यांपेक्षा लहान मुलाच्या अंगातले पाणी लवकर कमी होते हे तुम्हालाही माहीत आहे.

छापील किमतीबद्दल कायदा साधा आहे. बंद पाकिटातली वस्तू एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. एकाच वस्तूवर दोन ठिकाणांसाठी दोन वेगवेगळ्या छापील किमती टाकणेही १ जानेवारी २०१८पासून बंद झाले आहे. हॉटेलात बसवून, वाढून देणाऱ्यांची बाब सर्वोच्च न्यायालयाने वेगळी मानली आहे. पण ठेल्यावर उभ्याउभ्या हातात दिलेल्या बाटलीत कोणती सेवा आली? बिल मागितले तर ठेल्यावरच्या मुलाकडे ते नव्हते.

आता जे सांगते ते थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी भोगले त्यांना अधिक सांगायला नको. बाळाचे लंगोट किंवा डायपर बदलायची एकच फळी, तीही फक्त बायकांच्या शौचालयात, ओल्या फरशीशेजारी. म्हणजे माझ्या नवऱ्याने धाकट्याला सांभाळायचे म्हटले तरी त्याला जागा नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला बसायला आडोसा नाही. एक तरुण बाई आम्हाला लॉकरच्या खोलीमागे, भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली, ओढणीखाली बाळ आणि पायाशी ओल्या कपड्यांची पिशवी. परदेशातल्या डिस्नेच्या पार्कांत बाळांसाठी वेगळे दालन असते, तिथे पाजायला, बदलायला, भरवायला जागा असते. तेवढे दालन तुम्ही लगेच बांधा असे म्हणत नाही. पडदा लावलेली एक खोली, पंखा, बेसिन आणि दोन खुर्च्या, इतके तर होईल?

रांगेचेही तसेच. ज्या घरात एक मूल लहान आहे, तिथे मोठ्या राइडसाठी आईने तासभर रांग लावायची, मग बापाने पुन्हा शेवटापासून लावायची. होते असे की दोघांपैकी एक जण सोडून देतो, बहुधा आई. डिस्नेच्या पार्कांत याला साधा तोडगा आहे : एक जण राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. याला यंत्र लागत नाही, जागा लागत नाही, एक शिक्का मारलेली चिठ्ठी पुरते. जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी, जलद रांग ठेवायला तुम्हाला जमते, मग हे का जमू नये?

आणि शेवटची तक्रार, जी लिहिताना अजून हात थरथरतो. संध्याकाळी मिरवणूक निघाली. ढोल, मोठे मुखवटे घातलेले नर्तक, सगळी मुले पुढे सरकली. मी लेकीला खांद्यावर घेतले, नवरा फोटो काढत होता, सासूबाईंच्या हातात धाकट्याचे बोट. गर्दीचा एक लोट आला आणि बोट सुटले. मी जवळच्या गणवेशातल्या मुलाला सांगितले. त्याने वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारले, उत्तर ऐकू आले नाही, कारण गाणे चालू होते. त्याला कोणी शिकवलेच नव्हते की आता काय करायचे. “ऑफिसात जाऊन सांगा,” म्हणाला. ऑफिस कुठे? फाटकाशी. ज्या जागी मूल हरवले, ती जागा सोडून मी पार्कच्या दुसऱ्या टोकाला जायचे?

धाकटा सापडला तो सफाई करणाऱ्या एका मावशींमुळे. रडणारे मूल पाहून त्यांनी त्याला उचलले नाही, कुठे नेले नाही. तिथेच झाडाच्या पारावर त्याला जवळ बसवले, झाडू उभा धरून त्यावर आपला केशरी रुमाल बांधला आणि गर्दीतून दिसेल असा उंच केला. “आई इथंच येणार, आपण इथंच बसायचं,” असे त्याला सांगत होत्या. ज्यांच्या हातात वॉकीटॉकी होता त्यांना जे सुचले नाही, ते त्यांना सुचले. त्यांच्या कामाची तुमच्या दप्तरात कुठे नोंद झाली का, मला माहीत नाही. तक्रारीत मी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिले होते. तुमच्या दोन ओळींच्या उत्तरात त्यांचा उल्लेखही नाही.

म्हणून स्पष्ट सांगते, माझा राग तुमच्या कामगारांवर नाही. आसपासच्या गावांतली वीस-बावीस वर्षांची मुले दिवसभर उन्हात उभी असतात, लोकांचे बोलणे खातात आणि नियम त्यांनी केलेले नसतात. डबा अडवणारा मुलगा आमच्याइतकाच अवघडलेला होता. राग आहे तो नियम लिहिणाऱ्यांवर. ते लिहिताना एखाद्या लहान मुलाला हाताशी धरून फाटकापासून शेवटच्या राइडपर्यंत कोणी चालून पाहिले असेल, असे वाटत नाही.

थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी जड होतो, म्हणून तुमच्या उद्योगाने सरकारकडे दाद मागितली होती आणि जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. ती मागणी मला रास्तच वाटली होती. तुमचे म्हणणे ऐकले गेले. आता आमचे ऐका.

आमच्या मागण्या या आहेत. तिकीट विकण्याआधी, संकेतस्थळावर आणि खिडकीवरही, उंचीप्रमाणे कोणत्या राइड मिळतील याचा मराठीतला तक्ता लावा. ज्या उंचीच्या मुलाला निम्म्याहून अधिक राइड बंद आहेत, त्याचे तिकीट त्या मानाने कमी करा. त्या दिवशी बंद असलेल्या राइडची यादी सकाळीच जाहीर करा. लहान मुलांच्या राइड बंद असतील तर त्यांच्या तिकिटाचा भाग परत द्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घरचा डबा आणि दूध कोणत्याही फाटकावर अडवू नका, आणि हा नियम फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे तिथल्या मुलालाही “वरून सांगितलंय” म्हणावे लागणार नाही. पिण्याचे पाणी फुकट, स्वच्छ आणि मुलाच्या तोंडाला पोचेल अशा उंचीवर द्या. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका आणि प्रत्येक विक्रीचे बिल द्या. बाळांसाठी एक खोली करा, जिथे बापही जाऊ शकेल. आईबापांना आळीपाळीने राइडवर सोडा.

हरवलेल्या मुलांबाबतची मागणी वेगळी सांगते, कारण बाकी सगळे उशिरा झाले तरी चालेल, हे नाही. प्रवेशालाच प्रत्येक लहान मुलाच्या मनगटावर पालकाचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा. मूल हरवले असे कोणी सांगताच गाणे थांबवून घोषणा व्हायला हवी आणि बाहेर जाणाऱ्या फाटकांवर लक्ष ठेवले जायला हवे. सफाई कामगारांपासून ठेल्यावरच्या मुलांपर्यंत सगळ्यांना याचे प्रशिक्षण द्या. शिकवायला त्या मावशींनाच बोलवा, आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे द्या.

अटी आणि शर्तींबद्दल एक सांगायचे राहिले. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित कराराची दखल घेतो. ग्राहकावर एकतर्फी लादलेली प्रत्येक अट केवळ तिकिटाच्या मागे छापली म्हणून पवित्र होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. मी तिकीट, बाटलीचा फोटो आणि तुमचे उत्तर जपून ठेवले आहे. पण आधी हे पत्र लिहिले, कारण मला भरपाई नको आहे. मला नियम बदललेले हवे आहेत.

शाळांना दिवाळीची सुट्टी लागेल तेव्हा तुमच्या फाटकांवर पुन्हा रांगा लागतील. त्याआधी तुमच्यापैकी प्रत्येकाने यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, ते आपापल्या संकेतस्थळावर मराठीत लिहावे. ज्यांचे उत्तर येईल, ते मी जसेच्या तसे इतर पालकांपर्यंत पोचवीन. ज्यांचे येणार नाही, तेही सांगेन.

आपली,
दोन लहान मुलांची आई, सातारा